'परवडणारं घर' या शब्दाची चिकित्सा : सोलापूर, येरवडा आणि बीड

पेटचा निकाल लागला की सिनॉप्सिसची घाई सुरू होते. या घाईत समाजशास्त्र, लोकप्रशासन, अर्थशास्त्र, समाजकार्य अशा चार-पाच विषयांच्या विद्यार्थ्यांकडून एक शीर्षक हमखास येतं : 'प्रधानमंत्री आवास योजनेचा अमुक जिल्ह्यातील लाभार्थ्यांवर झालेला परिणाम – एक अभ्यास'. जिल्ह्याचं नाव बदलायचं, बाकी सगळं तेच. शंभर-दोनशे लाभार्थी, वीस-पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी निष्कर्ष, की योजना उपयुक्त आहे, मात्र अंमलबजावणीत सुधारणा हवी. हा निष्कर्ष लिहायला बीडला यायची गरज नव्हती, हे तुम्हालाही माहीत असतं आणि गाईडलाही.

म्हणून आज योजनेवर टीका करायची नाही. योजना वाचायची आपली जी पद्धत आहे तिच्यावर करायची आहे. विषय थोडा अरुंद करून घेऊ : नफा न घेणाऱ्या संस्थांनी, म्हणजे सहकारी सोसायटी, कामगार संघटना, ट्रस्ट, सामाजिक संस्था यांनी, शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी उभी केलेली घरं, आणि घरासोबत दिलेला आधार. यावर मराठीत लिहिलं गेलेलं बरंच काही यशोगाथेच्या सुरात आहे. यशोगाथा वाचायला छान असते, पण तिच्यातून संशोधनाचा प्रश्न काढायचा असेल तर तिला उलटं धरून झटकावं लागतं.

आधी तीन शब्द साफ करून घेऊ.

'ना-नफा' म्हणजे फुकट नव्हे, आणि तोट्यातही नव्हे. संस्थेकडे शिल्लक राहू शकते. ती सभासदांत वाटून घेता येत नाही, कामातच घालावी लागते, एवढाच अर्थ. इमारत बांधणारा ठेकेदार आपला नफा घेतोच. सिमेंट-लोखंडाचा दुकानदारही घेतो. 'ना-नफा संस्थेनं बांधलं म्हणून स्वस्त' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर पुढचा प्रश्न तयार ठेवा : नेमकं कोणाचं मार्जिन कमी झालं?

'परवडणारं' या शब्दामागे जगभर एक ठोकताळा आहे. घरखर्च उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा. हा ठोकताळा दरमहा पगार येणाऱ्या माणसासाठी केलेला आहे. बीडच्या संदर्भात तो कुठे मोडतो ते पुढे बघू.

तिसरा शब्द 'आधारासह घर'. अमेरिकेत याला सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम सेम्बेरिस यांनी पाथवेज टू हाउसिंग ही संस्था सुरू केली. मानसिक आजार असलेल्या बेघर माणसाला आधी दारू सोड, आधी औषधं घे, मग घर, ही उतरंड त्यांनी उलटी केली : आधी घर, बाकीचं नंतर आणि त्याच्या मर्जीनं. त्यातला खरा नियम असा, की सेवा नाकारली म्हणून घर जात नाही. भाडेकरार वेगळा, सेवा वेगळी. कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे दोन हजार लोकांवर याचा प्रयोग केला. घर टिकण्याच्या बाबतीत फरक मोठा दिसला, आजाराच्या आणि व्यसनाच्या बाबतीत तितका नाही. हे दुसरं वाक्य उद्धृत करायला लोक सहसा विसरतात.

आता हे मॉडेल उचलून 'सैद्धांतिक चौकट' म्हणून बीडवर चिकटवू नका. आपल्याकडचा गरीब माणूस बहुतेक वेळा एकटा नसतो, त्याच्यामागे कुटुंब असतं. आणि त्याचा प्रश्न मुख्यतः उपचाराचा नसून कामाचा असतो. पण 'भाडेकरार वेगळा, सेवा वेगळी' ही एक कसोटी मात्र जपून ठेवा. तिचा उपयोग होणार आहे.

सोलापूर : आकड्याच्या मागे बघायला शिका

महाराष्ट्रात कामगारांच्या सहकारी घरबांधणीचं सगळ्यात मोठं उदाहरण सोलापूरचं. विडी कामगार बायकांची संघटना, नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याकडचं कुंभारी गाव. गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था झाली, दहा हजार घरं उभी राहिली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे त्याच परिसरात रे नगर आलं : ३० हजार घरांचा प्रकल्प, जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण, दोन्ही वेळा नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. 'रे' हे नाव मूळ राजीव आवास योजनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेलं. बांधकाम झालं ते प्रधानमंत्री आवास योजनेत. संघटना मार्क्सवादी, एक पंतप्रधान काँग्रेसचे, दुसरे भाजपचे. राज्यशास्त्राचे विद्यार्थी इथेच थांबून आपला विषय घेऊ शकतात, आणि तो चांगला विषय होईल.

पण वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि आपले लेख बघा. सगळे आकड्यावर थांबतात. दहा हजार, तीस हजार, आशियातली सर्वांत मोठी वसाहत वगैरे. माझ्या मते सोलापूरचं खरं महत्त्व आकड्यात नाही. एका कामगार संघटनेनं बिल्डरचं काम अंगावर घेतलं, हे महत्त्वाचं आहे. बिल्डरचं काम म्हणजे काय? जमीन एकत्र करणं, सभासदांची यादी पक्की करणं, हप्ते गोळा करणं, अनुदान येईपर्यंत पैशाची सोय लावणं, पाणी-रस्ता-वीज यांसाठी चार खात्यांच्या मागे लागणं. विडी कामगारांकडे यादी आधीपासून होती. ओळखपत्र होतं, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर होता, कारखान्याच्या शाखेत रोजची हजेरी होती. मोर्चा काढायला जी यादी लागते तीच घराला कामी आली. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, कारण म्हणून सांगतोय. ज्यांच्याकडे अशी यादी नाही त्यांच्यात हे का घडलं नाही, याचं उत्तर इथे लपलेलं आहे.

आता उलटी बाजू. विडी वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना असतो. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, हजार विड्यांचा हिशेब करायचा, सगळं घरात. अशा बाईसाठी शहरापासून लांबचं पण स्वतःचं घर चालू शकतं, फक्त पानं-तंबाखू घ्यायची आणि माल द्यायची सोय जवळ हवी. रे नगरमध्ये मात्र विडी कामगारांच्या जोडीला कागद-काच-पत्रा वेचणारे, बांधकामावर जाणारे, यंत्रमागावरचे असे असंघटित कामगारही आहेत. कचरा वेचणारीचा कारखाना शहरातल्या रस्त्यावर असतो. तिला पहाटे पोहोचावं लागतं. समजा जाण्यायेण्याला दिवसाचे ४० रुपये गेले आणि महिन्यात २५ दिवस काम झालं, तर हजार रुपये फक्त भाड्यात. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेत, तुम्ही तिथे जाऊन खरे काढा. मुद्दा असा की घराचा हप्ता ३० टक्क्यांत बसला तरी हप्ता अधिक बसभाडं बसेलच असं नाही. एकाच वसाहतीतलं एकाच किमतीचं घर एकीला परवडणारं आणि शेजारणीला न परवडणारं असू शकतं. 'लाभार्थी' नावाच्या एका रकान्यात दोघींना टाकलंत की हा फरक तुमच्या तक्त्यातून कायमचा गेला.

दुसरी गोष्ट स्रोतांची. सोलापूरवर जे उपलब्ध आहे त्यातलं बरंच चळवळीनं स्वतः लिहिलेलं, किंवा उद्घाटनाच्या दिवशी छापून आलेलं. दोन्ही उपयोगी, पण दोन्ही ठिकाणी एक माणूस गैरहजर आहे : यादीत नाव होतं पण हप्ता भरणं जमलं नाही म्हणून बाहेर पडलेला. तो कोण, किती जण, त्यांच्या भरलेल्या पैशांचं काय झालं, हे विचारणं म्हणजे चळवळीला बदनाम करणं नव्हे. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची इतिवृत्तं असतात, लेखापरीक्षण अहवाल असतो. यशोगाथेत जो नाही तो तिथे सापडतो.

येरवडा : कोण मोजतंय?

दुसरं उदाहरण पुण्याचं, थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इंग्रजीत भरपूर आहे. त्याची सुरुवात मुंबईत. स्पार्क ही संस्था १९८४ साली सुरू झाली. १० जुलै १९८५ रोजी ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की फुटपाथवरून हुसकावणं म्हणजे पोटावर पाय आणणं आहे आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला परवानगीही दिली. निकालाचा पहिला भाग पाठ्यपुस्तकात येतो, दुसरा भाग फुटपाथवरच्या लोकांच्या वाट्याला आला. त्याच वर्षी स्पार्कनं भायखळ्याच्या परिसरात फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली आणि 'वुई द इन्व्हिजिबल' हा अहवाल काढला. मोजणीत राहणाऱ्या बायकाच सामील होत्या. पुढे याच बायकांच्या गटांतून महिला मिलन उभं राहिलं. अर्जुन अप्पादुराई यांनी या कामावर लिहिलं, 'खोल लोकशाही' असं नाव दिलं, आणि तो लेख जगभर शिकवला जातो.

पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत, नेताजीनगर, मदर तेरेसानगर वगैरे भागांत, केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या पैशातून याच मंडळींनी काम केलं. आराखडा वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांचा. वस्ती पाडून उंच इमारत उभी करायची नाही. ज्याचं घर कच्चं आहे त्याचंच घर त्याच जागेवर पक्कं करायचं, साधारण २७० चौरस फूट, लाभार्थ्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. ज्याचं आधीच पक्कं आहे त्याला हात लावायचा नाही. गल्ली तीच, शेजार तोच, भाजीवाली तीच. आधार नावाची गोष्ट इथे वेगळी पुरवावी लागत नाही, ती गल्लीत असतेच. फक्त ती मोडायची नसते. कुंभारी आणि येरवडा शेजारी ठेवून बघा. एकीकडे आधार नव्यानं उभारावा लागतो : शाळा, दवाखाना, बस, रेशन दुकान. दुसरीकडे जुना आधार वाचवला, पण घरांची संख्या शेकड्यांतून हजारांकडे जाताना दमछाक होते, कारण प्रत्येक घराचा नकाशा वेगळा.

येरवड्याच्या लिखाणात मला खटकतं ते असं. बरंचसं वास्तुशास्त्राच्या बाजूनं लिहिलेलं आहे, म्हणून आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो असतो. मधल्या महिन्यांचा फोटो नसतो. घर पाडून पुन्हा बांधेपर्यंत ते कुटुंब राहिलं कुठे, भाडं कोणी भरलं, त्या वर्षी लेकरांची शाळा चुकली का? भाडेकरूचं काय झालं? वस्तीत घरमालकही गरीब आणि त्याचा भाडेकरूही गरीब असतो. नाव घरमालकाचं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी पैशाची आहे म्हणून आपण टाळतो. सरकारी अनुदान टप्प्याटप्प्यानं येतं : पाया झाला की एक हप्ता, छत पडलं की दुसरा. मग पाया कोणाच्या पैशानं खोदायचा? स्पार्कला हा प्रश्न इतका जाचला की २००२ पासून परदेशी मदतीतून मधल्या काळापुरतं भांडवल पुरवणारा वेगळा निधीच उभा केला गेला. ना-नफा संस्थेचा खरा कस इथे लागतो. मन मोठं असून भागत नाही, सहा महिने उधारी सोसायची ताकद लागते.

आता बीड

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९. त्यातली शहरी लोकसंख्या पाचात एक. बीड शहर १,४६,७०९. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष लाखामागे एक बेघर निवारा, माणशी ५० चौरस फूट. या निकषानं हिशेब केला तर बीड शहराला एक निवारा पुरतो. कागदावर बीडमध्ये बेघरपणाचा प्रश्नच उरत नाही. तुम्ही बसस्टँडवरून रात्री आला असाल तर या वाक्यावर तुम्हाला विचार करावा लागेल.

पण त्याहून मोठा घोळ मोजणीच्या महिन्यात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात; बीड, शिरूर कासार, पाटोदा, धारूर, केज, वडवणी या भागांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, परततात. जनगणनेत घरांची यादी झाली २०१० च्या उन्हाळ्यात, आणि माणसांची मोजणी झाली फेब्रुवारी २०११ मध्ये. म्हणजे घर मोजलं तेव्हा माणूस घरी होता आणि माणूस मोजला तेव्हा तो फडात होता. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याची नोंद जिथे सापडेल तिथे, असा नियम. त्यामुळे बीडची घरं बीडमध्ये, माणसं सांगली-कोल्हापुरात. दोन तक्ते एकमेकांना जोडून 'घरटी माणसं' काढायला जाल तर चुकीचा आकडा अगदी अधिकृत सहीशिक्क्यासह मिळेल. आणि २०२७ च्या जनगणनेतली माणसांची मोजणीही फेब्रुवारीतच ठरलेली आहे.

हाच प्रकार नगरपालिकेच्या सर्वेक्षणाचा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कर्मचारी गेला तर दाराला कुलूप. कुलूप म्हणजे 'राहत नाही'. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज तोच यादीतून गळतो. सोलापूरच्या विडीवालीची हजेरी वर्षभर कारखान्याच्या शाखेत लागते. आपल्या ऊसतोडवाल्याचं नाव मुकादमाच्या वहीत असतं, तेही 'कोयता' म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर इथे विश्लेषणाचं एककच वेगळं आहे. योजना 'कुटुंब' मोजते, पालिका 'मालमत्ता' मोजते, मुकादम 'कोयता' मोजतो. नवरा वारला की बाई मुकादमाच्या वहीत अर्धी होते. पालिकेच्या वहीत तिची अवस्था काय होते, हा प्रबंधाचा विषय आहे.

संघटना बीडमध्येही आहेत, संपही होतात. पण भांडण दराचं असतं, आणि ते साखर संघाशी असतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. घराची मागणी साखर संघाकडे करायची तर तो म्हणणार आम्ही कोपीपुरते. पालिकेकडे करायची तर ती म्हणणार तुम्ही इथे असता कुठे. सोलापुरात मालक, पालिका आणि कामगार एकाच शहरात होते. बीडमध्ये तिघं तीन ठिकाणी आहेत. आपल्याकडे कुंभारी का झालं नाही, याला 'नेतृत्वाचा अभाव' हे उत्तर मला आळशी वाटतं. आधी हे भूगोलाचं उत्तर तपासा.

आता त्या ३० टक्क्यांच्या ठोकताळ्याकडे या. ऊसतोड कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला येत नाही. ते आधी येतं, उचल म्हणून, आणि मग सहा महिने अंगातून फेडलं जातं. उत्पन्न आणि कर्ज ही एकच रक्कम असेल तर तिचे ३० टक्के काढायचे कसे? आणि आता यावर आवास योजना ठेवून बघा. छोट्या शहरांत मुख्यतः चालतो तो योजनेचा एकच घटक : स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, टप्प्याटप्प्यानं. जागेचा पीटीआर नावावर नसेल तर दारच बंद. नावावर असेल तर पायाचा खर्च आधी स्वतः करायचा. येरवड्यात त्या फटीत एक संस्था उभी होती. बीडमध्ये त्या फटीत कोण उभं असतं? लग्न, आजारपण आणि घर ही उचल घेण्याची ठरलेली कारणं आहेत. म्हणजे प्रश्न असा मांडता येतो : घरकुलाचा पहिला टप्पा उचलीतून पुरा झाला का, आणि त्यासाठी पुढचे किती हंगाम बांधले गेले? घर पक्कं झालं, त्याला कुलूप लावून कुटुंब पुन्हा कोपीत. प्रश्नावलीत 'घरकुल मिळाल्यामुळे समाधानी आहात का?' असं विचारलं की उत्तर 'होय' येईल. खोटं नसेल ते. पण तुम्ही चुकीचं विचारलेलं असेल.

मग बीडमध्ये आधारासह निवास आहे का? आहे, आणि चांगला आहे, फक्त आपण त्याला 'गृहनिर्माण' या नावाखाली शोधत नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वीचं शांतिवन, दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं. गेवराईचं बालग्राम, संतोष गर्जे यांचं. बीडजवळ पालीला एचआयव्हीबाधित मुलांसाठी दत्ता बारगजे यांचं इन्फंट इंडिया. राहायला जागा, जेवण, शाळा, औषध, माणसं. आधार या शब्दात जे जे येतं ते सगळं एका छपराखाली. सरकारनंही २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आणली : ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जणांची सोय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी टनामागे १० रुपये असा निधी ठरला. सुरुवात भाड्याच्या इमारतींत झाली. शिवाय हंगामी वसतिगृहं आहेत, जिथे बऱ्याच गावांत लेकरू दोन वेळ जेवतं आणि झोपायला म्हाताऱ्या आजीकडे जातं. त्याला वसतिगृह म्हणायचं का, हा शब्दाचा वाद वाटेल, पण अहवालात त्याची नोंद 'निवासी' अशी होत असेल तर तो वाद राहत नाही, आकडेवारीचा प्रश्न होतो.

या संस्थांवर पुष्कळ लिहून आलंय. जवळजवळ सगळं संस्थापकांबद्दल आहे : त्यांनी काय सोडलं, किती हाल काढले. ते खरं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यात तिथे वाढलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी कुठे राहते, हे क्वचित येतं. आपली जपून ठेवलेली कसोटी आता काढा. इथे निवास आणि सेवा वेगळी नाही. शाळा सुटली की खाट सुटते, अठरा पूर्ण झाली की हक्क संपतो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरानंतरच्या अनुरक्षणाची तरतूद आहे, पण तरतूद म्हणजे खोली नव्हे. ही संस्थांची चूक नाही. मुलांसाठी काढलेल्या संस्थेनं मोठ्यांचं घर बांधावं ही अपेक्षाच अन्यायाची. पण बीडमधलं ना-नफा क्षेत्र मुलांपाशी येऊन थांबलं, आणि मोठ्यांसाठी शहरात 'खोली करून राहणं' एवढाच पर्याय उरला, हे निरीक्षण नोंदवायला हवं. बीडला, अंबाजोगाईला खोली करून स्पर्धा परीक्षा देणारे तुम्ही-आम्हीही त्याच बाजारात आहोत. स्वाधार योजनेत महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्याला वर्षाला ४३,००० रुपये धरलेत, त्यात निवासाचे १२,०००. महिन्याला हजार. बीडमध्ये हजार रुपयांत कशी खोली मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या खोलीत बसून तुम्ही हे वाचताय ती तुमच्या विषयाच्या बाहेर नाही.

एक आशेची जागा आहे, म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीनं. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. मालकी नाही, भाडं. हंगामी स्थलांतर करणाऱ्याला हा घटक जास्त सोयीचा पडेल की कुलूप लावून गेलेल्या सहा महिन्यांचं भाडं त्याच्या डोक्यावर बसेल? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो, म्हणजे गृहीतक चांगलं आहे.

तेव्हा शीर्षक बदला. 'आवास योजनेचा परिणाम' काढा आणि लिहा : 'हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या घरबांधणीतील उचलीचे स्थान : शिरूर कासार नगरपंचायत क्षेत्राचा अभ्यास'. आरआरसीत पहिला प्रश्न येईल, नमुना किती? दोनशे म्हणू नका. पंचवीस कुटुंबं म्हणा, पण प्रत्येकाला दोनदा भेटणार असं सांगा : एकदा ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आसपास, जेव्हा माणसं घरी असतात आणि उचलीची बोलणी सुरू असतात, आणि एकदा जानेवारीत, कारखान्यावर, कोपीत. ऑगस्टमध्ये घराबद्दल जे सांगितलं ते जानेवारीत तसंच राहतं का, हे बघायचं. जाण्यायेण्याचा खर्च फेलोशिपमध्ये बसवताना त्रास होईल, तो आधीच मांडून ठेवा. फडात दिवसा जाऊ नका, त्यांची टनाची मजुरी बुडते. संध्याकाळी, चूल पेटलेली असताना जा, आणि बाईशी वेगळं बोलता येईल अशी सोय बघा, शक्यतो सोबत एखादी सहकारी मैत्रीण घेऊन. आणि कुटुंबांपर्यंत मुकादमाच्या ओळखीनं पोहोचू नका. सोपं पडतं, पण मग उचलीच्या प्रश्नावर पंचवीसच्या पंचवीस घरांत एकच उत्तर मिळतं. शाळेतल्या शिक्षकांकडून जा, आशाताईंकडून जा. वेळ लागेल.